हिरवा थिनर

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलं की नोंदी हव्यात. ही फक्त माझ्यासाठी. दुसऱ्या कोणाच्या हाती पडली तर आयडिया फुटेल.

काम असं. रंग पातळ करायला थिनर लागतो. तो खनिज तेलातून काढतात. मी तो वनस्पतींच्या कचऱ्यातून काढणार. हिरवा थिनर. नाव कालच सुचलं, म्हणजे निम्मं काम झाल्यासारखंच आहे.

माझी योग्यता: रंगाच्या कंपनीत सेल्समध्ये सगळी नोकरी गेली. लेक लहानपणी मला डोळे मिटून थिनरच्या वासावरून ओळखायची. दोन महिन्यांपूर्वी स्वेच्छानिवृत्ती घेतली. कंपनीचाही तसा आग्रह होता.

निमित्त कालच्या जेवणाचं. हिच्या संस्थेतली माणसं घरी आली होती. ही शास्त्रज्ञ आहे. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांपासून फरफुराल नावाचं रसायन काढायचं, त्यापासून पुढे थिनरसारखी सॉल्व्हंट करायची, हे तिचं नऊ वर्षं चाललं आहे. नऊ वर्षांत मी काय पाहिलं, तर अंगठ्याएवढ्या बाटल्या. तेच मी सहज बोललो. म्हटलं, तुम्ही लोक अभ्यास फार करता. आमच्या सेल्समध्ये असं चाललं असतं तर कंपनी बुडाली असती. उन्हाळ्याच्या आत मी हे घरी करून दाखवतो. सगळे हसले. कौतुकानंच असणार. ही हसली नाही. तिनं मला पाणी हवं का विचारलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

कच्चा माल मिळाला. सिनेमा थिएटरबाहेर एक मकावाला उकडलेले दाणे कागदी कपात घालून विकतो. रिकामी कणसं तो मागच्या बाजूला फेकतो. त्याच्याकडे दोन पोती मागितली. गाय पाळलीय का, असं त्यानं विचारलं. म्हटलं, बायोमास. तो म्हणाला, ते दुकान पुढच्या गल्लीत.

पोती टॅक्सीनं आणली. बाल्कनीत ठेवली. लेक कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय इतिहास, त्यामुळे तिला विज्ञान समजणं कठीण. तिनं विचारलं, बाबा, हे किती दिवस इथे राहणार? मी म्हटलं, हे इथे राहणारच नाही, याचं रूपांतर होणार.

९ फेब्रुवारी, रविवार

रूपांतर सुरू झालं आहे. पोत्यांना आतून गरम लागतं. वर बारीक माश्या घोंगावतात. ही म्हणाली, ओली कणसं कुजताहेत, आधी वाळवायला हवी होती. मी म्हटलं, ही नैसर्गिक पूर्वप्रक्रिया आहे. ही म्हणाली, बुरशी आहे. दोन्ही एकाच गोष्टीची नावं असू शकतात.

दुपारी सगळा माल गच्चीवर पसरला. वरच्या मजल्यावरच्या जज्जसाहेबांनी जिन्यात अडवलं. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी ते प्रत्येकाला साक्षीदारासारखंच विचारतात. गच्ची सर्वांची आहे हे आपल्याला ठाऊक आहे का? ठाऊक असूनही आपण असं केलंत का? मी दोन्हींना हो म्हटलं. संध्याकाळपर्यंत कबुतरांनी राहिलेले दाणे टिपून नेले. मालाची निवड फुकटात झाली. जज्जसाहेबांनी गच्ची पाहिली तेव्हा मात्र ते काहीच विचारू शकले नाहीत. कबुतरांनी नुसतं खाल्लं नव्हतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कणसं कुटणं चालू. खलबत्ता लहान पडतो. हातोडी घेतली.

कुटताना ही समोर येऊन बसली आणि प्लांटबद्दल काहीतरी सांगू लागली. दोन वर्षं म्हणाली की दोन टन, ते हातोडीच्या आवाजात कळलं नाही. मी मान हलवली. ती थोडा वेळ बसली आणि उठून गेली. तिचं काम पुढे सरकत नसावं. मनाला लावून घेतलेलं दिसतं. माझं यश तिला जरा हळूहळूच सांगायला हवं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मोठा प्रेशर कुकर वापरला. कृती सोपी: कणसाचा चुरा, पाणी, थोडं बॅटरीवाल्याकडचं अ‍ॅसिड, आणि आच. अ‍ॅसिडनं कणसातली साखर सुटते, तिचं तापवून फरफुराल होतं. एवढंच आहे ते. त्याला नऊ वर्षं.

ही बाजारातून परतली तेव्हा कुकर गॅसवर चढायचा होता. तिनं आत वाकून पाहिलं, झाकण माझ्या हातातून काढून घेतलं आणि सगळं मोरीत ओतून भरपूर पाणी सोडलं. म्हणाली, अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात अ‍ॅसिड, तेही बंद करून, तेही स्वयंपाकघरात. दुसऱ्या ‘तेही’ला तिचा आवाज कापला. मग म्हणाली, करायचंच असेल तर खाली मागच्या मोकळ्या अंगणात, स्टीलच्या भांड्यात, डोळ्यांना चष्मा लावून, आणि मी घरी असतानाच.

म्हणजे परवानगी मिळाली.

कुकरला आतून खड्डे पडले आहेत. नवा घ्यावा लागेल. तो मी स्वतः आणणार, असं ठरवलं आहे.

१ मार्च, शनिवार

नवा कुकर आणायचा राहिला. रिअ‍ॅक्टरच्या गडबडीत होतो.

वेल्डरकडे गेलो. स्टीलचा डबा, जाड झाकण, झाकणातून तांब्याची नळी, नळीचं वेटोळं पाण्याच्या बादलीत, असं चित्र काढून दिलं. त्यानं चित्र उलटं धरून पाहिलं, सरळ धरून पाहिलं, आणि दुकानाचं शटर अर्धं ओढलं. हळूच म्हणाला, काका, दारूची भट्टी असेल तर आधी सांगा. मी त्याला हरित रसायनांचं भविष्य समजावलं. खनिज तेल एक दिवस संपणार, कणसं दर हंगामाला येणार. तो म्हणाला, बरं, भट्टी नसेल तर चांगलंच, पण असली तर पहिली बाटली माझी.

ही स्वतः येऊन पाहून गेली. वेल्डरला म्हणाली, झाकणावर वाफ सुटायला जागा ठेवा, यांनी नको म्हटलं तरी ठेवा. तो तिला ताई म्हणाला आणि तिचंच ऐकलं. ग्राहक मी आहे, हे तो विसरला.

९ मार्च, रविवार

पहिली बॅच. निकाल: काळं पाणी आणि जळका वास. डब्याच्या बुडाला चुरा चिकटून बसला. खरवडायला मला आणि लेकीला अर्धा दिवस लागला. लेकीला जास्त वेळ लागला, कारण मला मध्येच नोंदी करायच्या होत्या.

अपयश म्हणता येणार नाही. यंत्राची ओळख झाली.

१६ मार्च, रविवार

ऐतिहासिक दिवस. सविस्तर लिहितो.

सकाळपासून भट्टी (वेल्डरचा शब्द तोंडात बसला आहे, सोडायला हवा) मंद आचेवर. ही बाजूला खुर्ची टाकून आपले कागद वाचत होती, मधूनच आच कमी कर म्हणत होती. बाराच्या सुमाराला नळीतून थेंब पडू लागले. पिवळसर. आणि वास बदामाचा. अगदी स्पष्ट. फरफुरालला बदामाचा वास येतो हे हिनंच कधीतरी सांगितलं होतं. मी बादलीजवळ बसूनच राहिलो. ही बाटलीत पाहत होती तेवढ्यात वरून जज्जसाहेबांचा आवाज आला.

त्यांच्या कारकिर्दीत एक विषप्रयोगाचा खटला होता म्हणे. त्यात सायनाइड होतं, आणि सायनाइडला कडू बदामाचा वास येतो, हे त्यांनी निकालपत्रात लिहिलं होतं. खिडकीतून वास आल्याबरोबर त्यांनी मजल्यामजल्यावर जाऊन दारं वाजवली. दहा मिनिटांत सगळी बिल्डिंग रस्त्यावर. कोणी गाऊनमध्ये, कोणाच्या तोंडाला दाढीचा फेस. मग अग्निशामक दलाची गाडी आली.

त्यांच्या प्रमुखाला मी पेंटोज साखरेपासून सुरुवात करून सगळी प्रक्रिया समजावली. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, शेगडी बंद केली का? तोवर हिनं ती बंद केली होती. ती जज्जसाहेबांशीही बोलली. हे सायनाइड नाही, तरी वास फार घेऊ नका, खिडक्या उघड्या ठेवा, असं तिनं सर्वांना सांगितलं. लोक तिचे आभार मानून घरी गेले. खरं तर शोध माझा होता.

१७ मार्च, सोमवार

हिनं संस्थेतून कागदाची एक पट्टी आणली. माझ्या बाटलीतला थेंब तिच्यावर टाकला. पट्टी लाल झाली. म्हणाली, आहे, फरफुराल आहे. आणि चक्क हसली. म्हणाली, कॉलेजात आपण एका टेबलावर होतो तेव्हा टायट्रेशनला थेंब जास्त पडून तुझा रंग नेहमी पुढे निघून जायचा, आज बरोबर आला.

मग म्हणाली, पण वास आणि पट्टी दोन्ही अगदी थोड्यालाही ओळखतात. यात बहुतेक पाणीच आहे. आणि हे अजून थिनर नव्हे. त्यासाठी पुढे हायड्रोजन, उत्प्रेरक, दाब, खूप काही लागतं. आमची नऊ वर्षं त्यातच गेली.

पहिलं वाक्य महत्त्वाचं. बाकीचा तपशील.

१९ मार्च, बुधवार

जुन्या साहेबांना फोन केला. ते कंपनीत अजून आहेत, आता सर्वांत वरच्या खुर्चीत. म्हटलं, साहेब, हिरवा थिनर तयार आहे. शनिवारी २९ला चहाला या. ते येतो म्हणाले. माझ्या निवृत्तीच्या समारंभाला त्यांना वेळ झाला नव्हता. आता बघा.

फोन ठेवला आणि हिनं विचारलं, तू येणार आहेस का, ते आता सांग, मला तिकडे कळवायचंय. कुठे ते विचारायला हवं होतं, पण डोक्यात साहेब होते. म्हटलं, बॅच संपली की बघू. ती म्हणाली, बरं. कोणाचं तरी जेवण असेल.

२६ मार्च, बुधवार

प्रश्न प्रमाणाचा आहे. आणखी दोनदा भट्टी लावली. सगळं मिळून, पाणी काढल्यावर, बाटलीच्या तळाला जेमतेम दिसतं. आणि दोन दिवसांत पिवळ्याचं तपकिरी, तपकिरीचं काळपट होतं. साहेबांना दाखवायला निदान दोन लिटर हवं.

यावर विचार केला. सर्दीच्या गोळीत औषध किती असतं? कणभर. बाकी खडू. कोणी तिला खडूची गोळी म्हणत नाही. त्याच तत्त्वावर हार्डवेअरच्या दुकानातून साध्या थिनरचा डबा आणला. हा केवळ वाहक. त्यात माझं द्रव घातलं, ढवळलं. बदामाचा वास किंचित लागतो, नाक अगदी आत घातलं तर.

पुढच्या बॅचमध्ये वाहकाचं प्रमाण कमी करत न्यायचं. हा फक्त आरंभ.

हिला सांगायचं राहिलं. ती रोज उशिरा येते.

२९ मार्च, शनिवार

विजय.

साहेब आले. ही संस्थेत होती, शनिवारीसुद्धा. बाल्कनीच्या कठड्याला पांढरा एनॅमल लावायचा बेत ठेवला होता. साहेबांनी बाटली उजेडात धरली. म्हणाले, हा तर फिक्या चहासारखा दिसतो, हिरवा कुठाय? मी म्हटलं, हिरवा हा रंग नाही, साहेब, विचार आहे. ते त्यांना आवडलं. खिशातून पेन काढून लिहून घेतलं.

मग थिनर रंगात घातला. साहेबांनी ब्रश स्वतः हातात घेतला. दोन हात मारले, बोटानं चोळून पाहिलं, वाळू दिलं. चकित झाले. म्हणाले, हुबेहूब आपल्या थिनरसारखाच आहे रे. मी म्हटलं, तेच तर यश आहे.

जाताना विचारलं, हे वहिनींच्या संस्थेतलंच ना? मी म्हटलं, सगळं घरचंच आहे. बाटली घेऊन गेले. आमच्या लॅबला देतो म्हणाले. लॅबची काय गरज, असं मी म्हटलं, पण ते लिफ्टमध्ये शिरले होते.

लेकीनं कठडा पाहिला, रिकामा डबा पाहिला, आणि माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, बाबा, आईला सांगितलंत? मी म्हटलं, योग्य वेळी. इतिहास शिकणाऱ्यांना वेळेचं महत्त्व कळायला हवं.

२ एप्रिल, बुधवार

साहेबांचा फोन नाही. मोठ्या निर्णयांना वेळ लागतो.

कंपनीनं सल्लागार म्हणून बोलावलं तर काय घालून जायचं याचा विचार केला. निळा कोट घट्ट होतो. सकाळी चालायला जायचं ठरवलं आहे. सोमवारपासून. कुकरही सोमवारी.

४ एप्रिल, शुक्रवार

ही आज लवकर घरी आली. पर्स खांद्यालाच ठेवून जेवणाच्या टेबलाशी बसली. लेकीलाही बसवलं.

म्हणाली, संचालकांनी बोलावून घेतलं होतं. रंगाच्या कंपनीच्या मोठ्या साहेबांनी त्यांचं अभिनंदन केलं आहे. संस्थेचा हिरवा थिनर वापरून पाहिला, उत्तम आहे, प्लांट सुरू झाला की पहिला माल आम्हाला द्या, असं. संचालकांनी तिला विचारलं की प्लांट अजून उभाच राहतोय, तर माल बाहेर गेला कसा, आणि तुमच्या घरातून कसा गेला. जोवर उलगडा होत नाही तोवर प्लांटची जबाबदारी तिच्याकडे देणं थांबवलं आहे.

मी म्हटलं, कोणता प्लांट?

लेक म्हणाली, बाबा, आई दीड महिना सांगतेय. कागदाच्या कारखान्याशेजारी कणसांचा प्लांट उभा राहतोय. आई त्याची प्रमुख होणार होती. दोन वर्षांसाठी तिकडे जायचं होतं.

म्हणजे दोन वर्षं. टन नव्हे.

मग हिनं विचारलं, बाटलीत काय होतं? मी वाहकाची कल्पना समजावायला सुरुवात केली. गोळी आणि खडूपर्यंत आलो. तिनं विचारलं, किती टक्के? मी म्हटलं, टक्क्यांत बघणं हा जरा संकुचित दृष्टिकोन आहे. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाली, नऊ वर्षांत मी एक आकडा फुगवून सांगितला नाही. वाईट आला तर वाईट सांगितला. म्हणून त्यांनी प्लांट माझ्या हातात द्यायचं ठरवलं होतं. मंगळवारी त्यांच्या लॅबचा रिपोर्ट येईल, आणि त्यात लिहिलेलं असेल की संस्थेचा हिरवा थिनर हा बाजारातला थिनर आहे.

मग ती उठून तोंड धुवायला गेली. नळ बराच वेळ चालू होता.

५ एप्रिल, शनिवार

काही लिहायचं नाही.

६ एप्रिल, रविवार

घरात सगळे नीट बोलतात. मीठ दे, दार लाव, एवढं. जज्जसाहेब जिन्यात भेटले. आज अंगणात काही नाही का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. त्यांनी उलटतपासणी केली नाही.

उद्या साहेबांकडे जायचं. काय बोलायचं त्याची तयारी केली: प्रॉडक्ट तात्पुरतं मागे घेण्याचा धोरणात्मक निर्णय. मोठ्या कंपन्याही घेतात.

लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बाबा, साधं सांगा ना.

७ एप्रिल, सोमवार

साहेबांच्या केबिनमध्ये धोरणात्मकपर्यंत पोचलो आणि पुढचं आठवेना. मग साधंच सांगितलं. बाटलीत दुकानातला थिनर होता. माझं द्रव त्यात नावाला. संस्थेचा काही संबंध नाही, हिला तर माहीतही नव्हतं.

साहेबांनी विचारलं, दुकानातला म्हणजे कुठल्या कंपनीचा? म्हटलं, आपल्याच. दुसरा ब्रँड होता, पण तो घ्यायला हात धजेना. साहेब खुर्चीत मागे रेलून हसू लागले. हसता हसता थांबले. म्हणाले, म्हणजे माझ्याच थिनरचं कौतुक मी सगळीकडे करत बसलो. मग हसले नाहीत. लॅबला फोन लावून बाटली परत मागवली. माझ्याकडे न बघता म्हणाले, बाईंचं नुकसान व्हायला नको, मी संचालकांशी बोलतो. चहा विचारला नाही.

ते बोलतील, पण तेवढ्यावर सोडवेना. तिथून तसाच संस्थेत गेलो. संचालक डबा खात होते. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला आणि विचारलं, तुम्ही खरोखर काढलेलं फरफुराल किती होतं? मी म्हटलं, चमचाभर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लहान चमचा, आणि तोही काठोकाठ नाही.

ते म्हणाले, घरच्या डब्यात तेवढंसुद्धा निघालं, हे वाईट नाही. हे त्यांचं वाक्य मुद्दाम इथे उतरवून ठेवतो. पुढे म्हणाले, आता घरी जा, आणि कृपा करून यापुढे आम्हाला मदत करू नका. हेही त्यांचंच वाक्य आहे.

परतताना कुकर आणला. स्टीलचा.

१० एप्रिल, गुरुवार

हिला प्लांट मिळाला. संचालकांनी स्वतः खोलीत येऊन सांगितलं म्हणे. घरी आल्यावर तिनं लेकीला मिठी मारली. मला म्हणाली, कुकर चांगला आहे.

पंचवीस तारखेला निघणार. लेक इथेच राहून परीक्षा देणार. मी विचारलं, मी येऊ का? ती कपड्यांच्या घड्या करत होती. म्हणाली, मी मार्चमध्ये विचारलं होतं तेव्हा तू बॅच संपली की बघू म्हणालास. मी म्हटलं, बॅच संपली. ती म्हणाली, विचार करून सांगते.

१२ एप्रिल, शनिवार

अजून सांगितलं नाही.

१४ एप्रिल, सोमवार

अजून नाही. तिची मोठी बॅग माळ्यावरून काढून पुसून ठेवली. माझीही काढली, पण मागे ठेवली, दिसेल न दिसेल अशी.

१७ एप्रिल, गुरुवार

सकाळी चहा घेताना म्हणाली, ये. मग म्हणाली, पण तिथे मी प्रमुख आहे. तिथे तुझं काही चालणार नाही, आणि तू कोणाला काही समजावून सांगायचं नाहीस. मी म्हटलं, मंजूर. ती म्हणाली, इतक्या लवकर मंजूर म्हणू नकोस, नीट ऐक. आणि पुन्हा एकदा सगळं सांगितलं. मी कप खाली ठेवून ऐकलं.

लेकीला कळलं तेव्हा ती म्हणाली, जा बाबा, मला जरा बाल्कनी वापरता येईल.

८ मे, गुरुवार

नव्या घरात. कंपाउंडच्या आतच छोटा बंगला. खिडकीतून प्लांट दिसतो. उंच टाक्या, पाइपच पाइप. माझ्या रिअ‍ॅक्टरशी मूलतः साम्य आहे.

पहिल्या दिवशी गेटवर सेफ्टीवाल्यानं हेल्मेट दिलं आणि सूचना वाचून दाखवल्या. फरफुरालबद्दलच्या सूचनेपाशी मी तोंड उघडलं. मग मिटलं.

घरी बसून कंटाळलो. तिला म्हटलं, काहीतरी काम दे. ती म्हणाली, पट्ट्यावर माणसं कमी आहेत. कणसं ट्रकमधून पट्ट्यावर पडतात आणि पुढे भरडायच्या यंत्रात जातात. त्यात दगड, दोरे, काय काय येतं. ते वेचून काढायचं. म्हणजे फीडस्टॉक विभाग. मी लेकीला तसंच कळवलं. तिनं विचारलं, विभागात किती लोक आहेत? म्हटलं, सध्या मी आणि पट्टा.

२२ मे, गुरुवार

पट्टा फार जोरात चालतो. सुपरवायझर म्हणतो, मी फार हळू चालतो. सोमवारी माझ्या नजरेतून एक दोरी सुटली आणि यंत्र अडकलं. सगळा प्लांट तासभर थांबला. ही वरून खाली आली, मला काही बोलली नाही, इतरांदेखत तर नाहीच. दोरी हातात घेऊन पाहिली आणि वर गेली. त्यापेक्षा ती बोलली असती तर चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी दोन सतरंज्यांएवढी जाळी, एक चप्पल आणि एक अख्खं कुलूप काढलं. एकही दोरी सोडली नाही.

१४ जून, शनिवार

आज पहिला ड्रम भरला. खरा, शेवटपर्यंत शुद्ध केलेला, थिनर म्हणता येईल असा. संचालक आले होते. हिला चार शब्द बोलायला सांगितलं. तिनं ऑपरेटरांची नावं घेतली, फिटरची घेतली, आकडा सांगितला. ठरल्यापेक्षा थोडा कमी आला होता, तेही सांगितलं. मग म्हणाली, आणि पट्ट्यावरच्या लोकांचे आभार, त्यांच्यामुळे या आठवड्यात यंत्र एकदाही अडकलं नाही. लोक म्हणाली. विभागात अजून मीच आहे. पण टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. नंतर लक्षात आलं, स्वतःसाठी वाजवायच्या नसतात.

समारंभ झाल्यावर परत पट्ट्यावर. दुपारचे तीन ट्रक बाकी होते. काम करताना एक कल्पना सुचली. पट्टा जरा तिरका ठेवला, आणि मध्ये एक चाळणी बसवली, तर निम्मं वेचायचंच काम उरणार नाही. चांगली कल्पना आहे. सुपरवायझर दोन हातांवर उभा होता. संचालक गाडीत बसायचे होते. हीसुद्धा तिथेच होती.

घरी येताना हिनं विचारलं, आज इतका गप्प का? म्हटलं, दमलो. आणि खरंच दमलो होतो.

कल्पना कोणाला सांगितली नाही. आधी पाहतो, चाळणीतून कणसं खाली पडतात का.